कशासाठी, असं विचारलं म्हणून

सॅन डिएगोतल्या आमच्या पिढीच्या बऱ्याच मराठी माणसांनी मेक्सिको पहिल्यांदा पाहिला तो स्टॅम्पिंगच्या निमित्ताने. एच-१बीची मुदत वाढलेली असायची, मंजुरीचं आय-७९७ पत्र हातात असायचं, पण पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा संपलेला असायचा. तो नवा करायला भारतात जायचं म्हणजे महिन्याची रजा, चार तिकिटं आणि ‘आलीच आहेस तर सत्यनारायण उरकून घेऊ’ हे आईचं वेळापत्रक. त्यापेक्षा सीमेपलीकडच्याच तिहुआना शहरातल्या अमेरिकी वकिलातीत अपॉइंटमेंट मिळाली तर काही दिवसांत काम. ट्रॉलीची ब्लू लाइन सॅन इसिद्रोला, अगदी शेवटच्या थांब्यावर सोडते. तिथून चालत थोड्या वेळात देश बदलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ही वाट बंद केली. आता मुलाखत स्वतःच्या देशात किंवा जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथेच द्यायची. त्याआधीची कितीतरी वर्षं मात्र ती आमची वहिवाट होती.

जाताना फारसं कुणी काही विचारत नाही. येताना रांग. शेजारी मोटारींच्या लांबच लांब ओळी, त्यांच्या मधून चुरोस, घोंगड्या, प्लास्टरचे रंगीत पुतळे विकणारे फिरतायत, आणि आपण हातात फाइल घट्ट धरून एकेक पाऊल पुढे. मेक्सिकोत ३० दिवसांपेक्षा जास्त राहिला नसाल आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, शाबूत असेल, तर संपलेल्या व्हिसावरही परत येता येतं. पण नव्या व्हिसाचा अर्ज केला की ती सवलत गेली. म्हणजे तिहुआनात अर्ज अडकला तर घर वीस मैलांवर आणि आपण परक्या गावातल्या हॉटेलात, मुलांच्या शाळेला काय कळवायचं या विचारात. असं झालेली माणसं सगळ्यांच्या ओळखीत असायची. त्यामुळे फाइलमध्ये पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, डिग्रीची सर्टिफिकेटं, लग्नाचा दाखला, सगळं रंगीत चिठ्ठ्या लावून क्रमाने.

फाइलपेक्षा महत्त्वाचे असायचे नियम. ते कुठे छापलेले नव्हते, आधी जाऊन आलेल्यांनी फोनवर सांगितलेले. विचारलं तेवढंच बोलायचं. विनोद करायचा नाही. आपसात मराठीत कुजबुजायचं नाही, त्यांना वाटतं आपण काही लपवतोय. फोन खिशात. अधिकारी तुसडेपणाने बोलला तरी ‘येस ऑफिसर’. आणि ‘कशासाठी?’ असं चुकूनही विचारायचं नाही. हे नियम मला सांगितले गेले, मी पुढे दहाजणांना सांगितले. नव्या नवरीला सासरी जाताना सांगावं तशा सुरात सांगितले.

मला स्वतःला तिथे कधी वाईट अनुभव आला नाही, हेही सांगितलं पाहिजे. एका अधिकाऱ्याने तर माझं आडनाव कसं म्हणायचं ते विचारून घेतलं आणि बऱ्यापैकी नीट म्हणूनही दाखवलं. उन्हात, मोटारींच्या धुरात तासन्‌तास उभं राहून हजारो चेहरे बघायचे आणि त्यातल्या एखाद्याच्या डिकीत फेंटानिलसारखं अमली द्रव्य असेल या हिशेबाने वागायचं, हे काम मला कुणी दिलं तर मी आठवडाभरही टिकणार नाही. पण हा झाला माझा अनुभव, फाइलवाल्या बाईचा. त्याच सॅन इसिद्रोच्या नाक्यावर २८ मे २०१० च्या रात्री जे घडलं ते मला बऱ्याच उशिरा, दुसऱ्या एका प्रकरणाबद्दल वाचता वाचता कळलं. तेव्हापासून त्या पादचारी रांगेत माझं लक्ष फाइलवरून उडून कुंपणाकडे जातं.

अनास्तासिओ एर्नांदेस रोहास ४२ वर्षांचा होता. मूळचा मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसीचा, पण पोरवयात सॅन डिएगोला आलेला आणि इथेच मोठा झालेला. बांधकामावर काम करायचा. बायको मारिया पुगा, पाच मुलं, पाचही इथेच जन्मलेली, म्हणजे अमेरिकेचे नागरिक. स्वतःकडे मात्र कागद नव्हते. त्या वर्षी दुकानातून चोरी करताना तो पकडला गेला आणि त्याची रवानगी मेक्सिकोत झाली. मुलांकडे परतायचं म्हणून भावाबरोबर डोंगरातून पुन्हा शिरला आणि सीमा गस्तीच्या हाती लागला. इथपर्यंतची गोष्ट या भागात रोज घडते.

ठाण्यावर नेल्यावर एका शिपायाने त्याच्या घोट्यावर लाथ मारली, असं त्याचं म्हणणं होतं. तो पाय आधीच अधू होता. त्याने डॉक्टर मागितला, आणि मला तक्रार नोंदवायची आहे असं सांगितलं. कुटुंबाने नंतर मानवाधिकार आयोगाकडे केलेल्या अर्जात पुढचं जे लिहिलंय ते वाचून मी पान मिटून स्वयंपाकघरात गेले होते: तक्रार लिहून घेण्याऐवजी, ज्याच्याबद्दल तक्रार होती त्यालाच सोबत देऊन अनास्तासिओला तातडीने मेक्सिकोत सोडायला म्हणून सीमेवरच्या फाटकाशी नेण्यात आलं. आपल्याकडच्या एखाद्या पोलीस चौकीत सासऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन गेलेल्या सुनेला ‘जा, सासऱ्यांबरोबर घरी जा’ असं सांगून पाठवतात, त्यातलाच हा प्रकार.

फाटकाशी काय झालं याच्या दोन हकिकती आहेत. अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे बेड्या काढताच तो अंगावर आला, लाथा झाडू लागला, आवरेना. म्हणून दंडुके, म्हणून पुन्हा बेड्या, म्हणून टेझर, विजेचा झटका देणारं हत्यार. दुसरी हकिकत वरच्या पादचारी पुलावरून दिसलेली. त्या वेळी तिथून जाणारे लोक आवाज ऐकून थांबले. एकाने फोनवर चित्रण केलं. त्यात दिसतं कमी, ऐकू येतं जास्त. एक माणूस स्पॅनिशमध्ये मदत मागत ओरडतोय आणि पुलावरचा कुणीतरी खाली ओरडून सांगतोय की तो प्रतिकार करत नाहीये. २०१२ मध्ये पीबीएस वाहिनीने आणखी एक चित्रण दाखवलं. त्यात तो जमिनीवर पडलेला आहे आणि भोवती डझनभराहून अधिक गणवेश उभे आहेत. काही हिरवे, काही निळे. हिरवे सीमा गस्तीचे, निळे नाक्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या विभागाचे. आम्ही इतकी वर्षं निळ्यांसमोर फाइल उघडत आलो, पण दोन्ही एकाच खात्याचे आहेत हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसतं. टेझर चालवणारा निळ्यातला होता. निदान चार वेळा तरी त्याने तो चालवला.

अनास्तासिओचा श्वास तिथेच थांबला. तीन दिवसांनी, ३१ मे रोजी, तो गेला. सॅन डिएगो काउंटीच्या वैद्यकीय परीक्षकाने मृत्यूची नोंद ‘दुसऱ्याच्या हातून झालेला’ अशी केली. पाच बरगड्या मोडलेल्या होत्या. रक्तात मेथ हे अमली द्रव्यही सापडलं, आणि हृदय बंद पडण्यात त्याचा वाटा होता असंही अहवालात आहे. ही गोष्ट मी गाळत नाही, कारण आमच्याकडच्या चर्चेत पहिलं वाक्य हेच निघतं.

चर्चा म्हणजे मंडळाच्या कोजागरीतली. दुधाचे पेले हातात, मुलं आतल्या खोलीत, आणि मी हा विषय काढल्याबद्दल नवरा माझ्याकडे डोळे मोठे करून बघतोय. ‘अगं, तो ड्रग्जवर होता.’ ‘बेकायदा आला होता.’ ‘चोरी केली होती.’ ‘आपण असं काही करतच नाही, आपल्याला काय भीती?’ एक काका, इथे १९८०च्या आसपास आलेले, आयुष्यभर सरळमार्गी नोकरी केलेले, शांतपणे म्हणाले, ‘त्याने गप्प बसायला हवं होतं. मेक्सिकोत सोडला असता, आठवड्याने परत आला असता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते काय उगीच?’

काकांचा मुद्दा मला कठोर वाटला, पण खोटा नाही वाटला. तो गप्प बसला असता तर बहुधा वाचला असता. मारामुळे मेला, नशेमुळे मेला, यावर डॉक्टर आणि वकील वर्षानुवर्षं भांडले. पण त्या रात्री त्याला इतर शेकडो पकडलेल्यांपासून वेगळं काढलं ते तक्रारीने. बाकीच्यांनी मुकाट सही केली आणि फाटकाबाहेर गेले.

ज्या प्रकरणामुळे मी इथवर आले ते दुसऱ्या टोकाचं आहे, अक्षरशः. कॅनडाची सीमा, मिशिगनमधलं पोर्ट ह्यूरन, तिथला ब्लू वॉटर ब्रिज. ८ डिसेंबर २००९. पीटर वॉट्स हा कॅनडाचा विज्ञानकथालेखक, शिक्षणाने सागरी जीवशास्त्रज्ञ, नेब्रास्कातल्या मित्राला घर हलवायला मदत करून भाड्याच्या गाडीतून टोरांटोला परत निघाला होता. म्हणजे तो अमेरिकेत शिरत नव्हता, बाहेर पडत होता. तरी पुलाच्या अलीकडे अमेरिकी अधिकाऱ्यांनी गाडी अडवली आणि झडती सुरू केली. कधीकधी बाहेर जाणाऱ्या गाड्याही तपासतात. शस्त्रं, रोकड वगैरेसाठी. वॉट्स गाडीतून उतरला आणि काय चाललंय असं विचारलं. गाडीत बस, असा हुकूम मिळाला. त्याने पुन्हा विचारलं. पुढच्या काही क्षणांत त्याच्या तोंडावर ठोसे बसले, डोळ्यांत मिरपुडीचा फवारा गेला, आणि जमिनीवर झोप या हुकमावर तो ‘पण झालंय काय?’ असं म्हणत उभा राहिला होता तेवढ्यात सगळं संपलं. रात्र कोठडीत. सुटका झाली ती डिसेंबरच्या थंडीत, कोटाशिवाय, पायी पलीकडच्या देशात. गाडी, लॅपटॉप, सामान सगळं जप्त.

खटला भरला गेला तो त्याच्यावर. सुरुवातीला त्याने अधिकाऱ्याचा गळा धरला असा आरोप होता. मार्च २०१० मध्ये पोर्ट ह्यूरनच्या न्यायालयात ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं ते अडथळा आणल्याबद्दल. मिशिगनच्या त्या कलमात अडथळ्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे: अंगबळ वापरणं, तशी धमकी देणं, किंवा कायदेशीर हुकूम कळूनही न पाळणं. शेवटच्या शब्दांपाशी सगळं येऊन थांबतं. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये त्याला स्थगित शिक्षा आणि दंड झाला. पण गुन्हेगार हा शिक्का बसल्यामुळे अमेरिकेचं दार बंद.

या खटल्यातलं मला सगळ्यात टोचलेलं निरीक्षण वॉट्सचं नाही, त्याला दोषी ठरवणाऱ्या एका ज्यूररचं आहे. निकालानंतर त्याने जाहीरपणे लिहिलं की वॉट्स हिंसक नव्हता, कुणाला धमकावत नव्हता, झडती थांबवत नव्हता. वातावरण चिघळवलं ते अधिकाऱ्यांच्या खोचक बोलण्याने, आणि माझ्या मते गुन्हा त्यांनीही केला. पण आम्हाला त्यांच्याबद्दल विचारलंच नव्हतं. हुकूम मिळाला आणि त्याने तो लगेच पाळला नाही, एवढंच आमच्यापुढे होतं. हा माणूस प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याचं लिहिणं वाचताना अंगावर काटा येतो. कायद्याने त्याच्या हातात जी चौकट दिली तिच्यात ठोसा बसतच नव्हता. बसत होता तो फक्त मधला वेळ, हुकूम आणि तो पाळणं यांच्यातला, ज्यात एक माणूस काय चाललंय ते विचारत होता.

वॉट्स गोरा, उच्चशिक्षित, इंग्रजी त्याची मातृभाषा, नागरिक शेजारच्या मित्रदेशाचा. त्याच्यामागे वाचकांची फौज होती, वकिलासाठी भराभर पैसे जमले. अनास्तासिओकडे यातलं काहीच नव्हतं. दोघांना एका लेखात बसवणं काहींना पटणार नाही. एकाला ठोसे बसले, दुसऱ्याचा जीव गेला. पण दोघांनी जे केलं ते मात्र एकच होतं. दोघांनी तोंड उघडलं, आणि दोन्हीकडे त्याची नोंद ‘प्रतिकार’ अशी झाली. कोजागरीला मी काकांना हेच सांगायचा प्रयत्न केला की कागद असणं, इंग्रजी असणं, ड्रग्ज नसणं यांनी माराचं प्रमाण बदलतं, सुरुवात बदलत नाही. तेवढ्यात मसाला दुधाचा दुसरा हप्ता आला.

तिसरं नाव रॉबर्ट बूल. हा तर अमेरिकेचाच नागरिक, आणि घटना त्याच्या स्वतःच्या अंगणात. वॉशिंग्टन राज्यात ब्लेन हे कॅनडाला खेटून असलेलं गाव. बूलचं तिथे लॉज, त्याची जमीन काही फूट चक्क कॅनडात शिरलेली. लॉजचं नाव ‘स्मगलर्स इन’. बूल काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. सीमा खात्याला खबर पुरवायचा, आणि पुढे कॅनडात माणसांच्या चोरट्या वाहतुकीत स्वतःच दोषी ठरला. २०१४ मध्ये त्याच्याकडे तुर्कस्तानचा एक पाहुणा उतरायला आला, त्याची चौकशी करायला सीमा गस्तीचा एक अधिकारी अंगणात आला. बूलने त्याला निघून जायला सांगितलं. अधिकाऱ्याने त्याला गाडीवर ढकललं, मग जमिनीवर पाडलं, असा बूलचा आरोप. त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली. त्यानंतर, त्याच्या म्हणण्यानुसार, त्या अधिकाऱ्याने आयकर खात्याला त्याच्यावर नजर ठेवायला सुचवलं आणि त्याच्या हिशेबांची तपासणी निघाली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून २०२२ मध्ये न्यायालयाने ठरवलं की सीमा गस्तीच्या अधिकाऱ्याने जादा बळ वापरलं म्हणून, किंवा तक्रारीचा सूड घेतला म्हणून, त्याच्यावर व्यक्तिशः भरपाईचा असा दावा लावता येणार नाही. अशी मुभा द्यायची असेल तर ती काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून द्यावी. आणि दाद मागायला दुसरी जागा आहेच की, खात्याची अंतर्गत तक्रार-व्यवस्था. त्या व्यवस्थेत तक्रारदाराला सुनावणीत भाग घेता येत नाही, निर्णयावर अपीलही नाही. निकालात हा आक्षेप नोंदवून बाजूला सारला आहे. दोन वर्षं आधी, २०२० मध्ये, याच न्यायालयाने एल पासोच्या सीमेवरून झाडलेल्या गोळीने पलीकडे, मेक्सिकोच्या हद्दीत मेलेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनाही असंच परत पाठवलं होतं. ती गोळी सुटली ७ जून २०१० ला, अनास्तासिओ जाऊन आठवडाच झाला होता.

म्हणजे आता हिशेब असा: तक्रार करायची तर खात्याकडेच करायची. आणि खात्याकडे तक्रार केल्याने काय होतं याची दोन उदाहरणं तर वरच आहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

अंतर्गत व्यवस्था आतून कशी चालायची तेही अनास्तासिओच्या प्रकरणातून हळूहळू बाहेर आलं. सीमा गस्तीकडे ‘क्रिटिकल इन्सिडंट टीम’ नावाची पथकं होती. नाव ऐकून वाटतं रुग्णवाहिका पाठवणारं पथक असेल. ती घटनास्थळी पोचायची, पुरावे गोळा करायची, आणि ती असायची त्याच दलाची, ज्याच्यावर आरोप आहे. अनास्तासिओ प्रकरणात त्याचे दवाखान्यातले कागदही या पथकाने मिळवले होते. अशा पथकांना कायद्याने तपासाचा अधिकार होता का, यावर गदारोळ झाल्यावर २०२२ मध्ये ती बंद करायचा आदेश निघाला. बारा वर्षांनी. त्याआधी २०१३ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी खात्याच्याच सांगण्यावरून ६७ गोळीबारांच्या प्रकरणांचा अभ्यास केला होता, त्यांतल्या १९ प्रकरणांत माणूस मेला होता. अंगावर गाडी येतेय असं दाखवण्यासाठी अधिकारी मुद्दाम गाडीसमोर जाऊन उभे राहतात, अशी शंका त्या अहवालात आहे. खात्याने अहवाल वर्षभर दाबून ठेवला.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं सीमेवरचं. आम्ही कुठे रोज सीमेवर जातो. सॅन डिएगोत हे म्हणायची सोय नाही. लॉस एंजेलिसजवळच्या आर्टेशियाला वाणसामान आणायला निघालं की पाच नंबरच्या हायवेवर सॅन क्लेमेंटेशी सीमा गस्तीचा तपासणी नाका लागतो, मेक्सिकोपासून साठेक मैल आत. बऱ्याचदा बंद असतो, म्हणून आपण विसरतो. चालू असला की गाड्या मंदावतात, हिरव्या गणवेशातला माणूस आत डोकावतो, चेहऱ्यांवरून नजर फिरवतो आणि हात हलवतो, जा. कसलाही संशय नसताना असं थांबवणं चालतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६चा निकाल याच सॅन क्लेमेंटेच्या नाक्यावरच्या प्रकरणातला. माझी मुलगी मागच्या सीटवरून विचारते, ‘ते काय बघतात?’ मी म्हणते, ‘गप्प बस, मग सांगते.’ नाका मागे पडल्यावर ती विसरून गेलेली असते आणि मी सांगायची राहते.

काकांच्या पिढीला आणि माझ्या पिढीला हे गप्प बसणं फार खुपलं नाही, याचं कारण आम्ही ते घरून शिकून आलो होतो. तहसील कचेरीत, आरटीओत, पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला आलेल्या हवालदारासमोर. ‘त्यांच्या तोंडी कशाला लागायचं’ हे वाक्य आमच्या घरात वरणभातासारखं रोजचं. त्यामुळे सॅन इसिद्रोच्या रांगेत आमचं छान निभलं. इथल्या शाळेत ‘प्रश्न विचारा’ असं शिकून वाढलेल्या मुलांचं तसं निभेल याची खात्री मला वाटत नाही, आणि निभावं असं वाटतं की नाही, तेही नीट ठरत नाही. नाक्यावरच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल आहे. मुलीला मी ‘विचार’ सांगू की ‘गप्प बस’, यात आई म्हणून माझं उत्तर तयार आहे आणि ते मला आवडत नाही.

मारिया पुगा मात्र गप्प बसल्या नाहीत. फेडरल न्याय खात्याने नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं की अनास्तासिओच्या मृत्यूबद्दल कुणावरही खटला भरला जाणार नाही. अधिकाऱ्यांनी जाणूनबुजून हक्क डावलले हे निःसंशय सिद्ध करता येणार नाही. २०१७ मध्ये दिवाणी दाव्यात १० लाख डॉलरची तडजोड झाली. पैसे मुलांना मिळाले, दोष कुणाच्याच नावावर लागला नाही. बहुतेक कुटुंबं इथे थांबतात. थांबावंच लागतं, पाच मुलं वाढवायची असतात. मारिया पुगांनी त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ मध्ये, आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे अर्ज केला होता. आयोगाचं कार्यालय वॉशिंग्टनमध्येच आहे, पण तो अमेरिकेचा नव्हे, या दोन्ही खंडांतल्या देशांच्या संघटनेचा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सुनावणी झाली आणि २०२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. अनास्तासिओच्या मृत्यूला अमेरिका जबाबदार आहे, त्याचा छळ झाला, आणि नंतरचा तपास निष्पक्ष नव्हता, असं त्यात म्हटलं आहे. तपास पुन्हा उघडा, दोषींवर कारवाई करा, बळ वापरण्याचे नियम आंतरराष्ट्रीय निकषांवर आणा, अशा शिफारशी आहेत. कायदा राबवणाऱ्यांच्या हातून झालेल्या मृत्यूबद्दल या आयोगाने अमेरिकेला असं जबाबदार धरण्याची ही पहिली वेळ. शिफारशी पाळायला अमेरिका बांधील नाही, निदान अमेरिका तसं मानते. मानवाधिकारांच्या त्या करारावर तिने १९७७ मध्ये सही केली आहे, मान्यता आजवर दिलेली नाही.

काकांना मी अहवालाची बातमी पाठवली. त्यांनी वाचली, फोन केला, आणि विचारलं, ‘पण मग प्रत्यक्षात झालं काय?’ मी म्हटलं, खटला नाही, शिक्षा नाही. ते म्हणाले, ‘बघ, मी म्हणत होतो.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पण पंधरा वर्षं चिकाटी ठेवली हं बाईने.’ आणि तो अहवाल पूर्ण कुठे वाचायला मिळेल ते मला विचारलं.

उन्हाळ्यात माझा भाचा शिकायला येतोय, एफ-१ वर, लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरेल. त्याच्या आईला नियमांची यादी हवी होती. मी पाठवली. विचारलं तेवढंच बोल, फोन खिशात, हुकूम मिळाला की आधी पाळ, हे सगळं तिच्यात आहेच. ते गाळायची माझी हिंमत झाली नाही. खाली चार ओळी नव्याने घातल्या. छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि बिल्ल्याचा नंबर लक्षात ठेव. काही लागलं, दुखलं तर डॉक्टर हवा असं स्पष्ट सांग, पुन्हा पुन्हा सांग. घरी पोचल्यावर त्याच रात्री जे झालं ते वेळेसकट लिहून काढ, जेवायच्या आधी. आणि तक्रार करायची असेल तर मला आधी फोन कर, आपण वकिलामार्फत करू, एकट्याने त्यांच्याच ठाण्यात बसून नको. बहिणीचं उत्तर आलं: ‘एवढं कशाला घाबरवतेस त्याला?’ भाच्याचं वेगळं आलं. त्याला बिल्ला नेमका कुठे असतो ते विचारायचं होतं.